उरलेला छर्रा

"अहो, हा कुठला?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

आमच्या गॅरेजात भाग धुतलेलं ट्रेमधलं काळं रॉकेल मी डब्यात ओतत होते. तळाच्या गाळातून एक पोलादी छर्रा घरंगळत आला आणि कडेला येऊन थांबला. वाटाण्याहून लहान, पण इतका चकचकीत की जुना म्हणायची सोयच नव्हती. जुने सुटे भाग तर ह्यांनी आधीच फडक्यात बांधून ठेवले होते. गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाला परत, हा ह्यांचा पहिल्यापासूनचा नियम.

हे स्टुलावर बसून चहा पीत होते, अगदी खुशीत. शेजारच्या वेल्डरने खांदा लावला म्हणून गिअरबॉक्स गाडीला चढला होता. नवं ऑइल भरून झालं होतं. मग ह्यांनी स्वतः गाडीत बसून एकेक गिअर टाकून पाहिला होता आणि "लोणी!" असा निकालही देऊन टाकला होता.

गाडी नर्सबाईंची. त्यांचं काम घरोघरी जाऊन पेशंट बघायचं, आणि त्यातले निम्मे टेकडीवरच्या वस्तीत. गाडी जुनी, गिअरचं ऑइल कधी बदललं ते त्यांनाही आठवत नव्हतं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की दुसरा गिअर आपोआप निसटायचा आणि गाडी मोकळी सुटायची. गिअर जागेवर धरून ठेवायचं काम या छर्ऱ्याचं. खाली स्प्रिंग, स्प्रिंगवर छर्रा, आणि तो बॉक्समधल्या दांडीच्या खाचेत बसला की गिअर हलायचं नाव घेत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गाडी आली होती, त्याचं औषधच ट्रेमध्ये राहिलं होतं.

ह्यांनी कप खाली ठेवला. गाडीत जाऊन बसले आणि डाव्या हाताने दुसरा गिअर टाकला.

"बसतोय की."

मग काय वाटलं कोण जाणे, अंग वळवून उजवा हात पुढे केला आणि त्या हाताने पुन्हा टाकला. काढला. पुन्हा टाकला. मी बाहेरून बघत होते. ह्यांचा चेहरा उतरला. उजव्या हाताला जे कळलं, ते डाव्याने सांगितलंच नव्हतं.

गेल्या साली अर्धांगाचा झटका आला तो डाव्या बाजूवर. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "उजवा हात वाचला, नशीब समजा." गाडीत गिअरचा दांडा डाव्या हाताला असतो, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. ज्या हाताने हे रोग ओळखायचे, तोच गेला होता. आणि ते त्यांना आज कळलं, माझ्यासमोर. मला रडूच आलं, पण मी ट्रे पुसत राहिले.

तेवढ्यात लेक आली. तिचं आणि बापाचं ठरलं होतं, की हा एक बॉक्स निर्दोष निघाला तर दुकान चालू ठेवायचं, नाहीतर शटर कायमचं खाली. तिचंही काही चुकत नव्हतं. गाडीखाली बाप आणि जोर लावायला एकच हात, हे बघून कुठल्या लेकीला झोप लागेल?

"झालं का बाबा?"

मी छर्रा मुठीत धरला. ह्यांनी एक "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. आणि खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला तेच हवं होतं.

"नाही झालं," हे म्हणाले. "चुकलंय माझं. बॉक्स परत उतरवायचा."

"बाबा, आपलं ठरलं होतं..."

"ठरलंय ते ठरलंय. शटर ओढू. पण ही गाडी अशी जाणार नाही."

नर्सबाईंनाही ह्यांनीच सांगितलं, फाटकापाशी उभं राहून, ताठ मानेने. "बाई, चूक माझी. उद्या न्या." बाई कुरकुरल्या, पण गेल्या. हे माझे यजमान, एरवी नाकावर माशी बसू देत नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तोंडावर सांगितलं असतं तर वर्षभर चढून बसले असते.

वेल्डरला पुन्हा हाक मारली. बॉक्स उतरला, झाकण निघालं. आता एका बोटाने छर्रा स्प्रिंगवर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने दांडी सरकवायची. हे दाबायला जायचे आणि छर्रा टुणकन उडायचा. तो बाकाखाली, त्याच्यामागे मी गुडघ्यांवर. लेक भिंतीला टेकून बघत होती. शेवटी हे स्टुलावरून उठले.

"तू बस."

"मी?" आजवर मी भाग धुतले, पाने हातात दिले, क्लच दाबून धरला. आतल्या कामाला ह्यांनी मला कधी बोट लावू दिलं नव्हतं.

"बस गं. आणि डोळे मीट. हे बघायचं काम नाही."

मी डोळे मिटले. अंगठ्याखाली छर्रा गार लागत होता, खालून स्प्रिंग त्याला वर ढकलत होती. दाबला, दांडी सरकवली. अंगठ्यावरचा जोर एकदम नाहीसा झाला.

"काय कळलं?"

"टक झालं. कानाला नाही, बोटाला."

"हां," हे म्हणाले, "तेच." आणि तोंड फिरवून फडक्याला हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. काम झालं की गाडी आधी मिस्त्री फिरवून आणतो, मग गिऱ्हाइकाला देतो. ह्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"बाबा, तुम्ही नाही फिरवणार?" लेकीने विचारलं.

"काम जिनं केलं तीच फिरवणार. आता मिस्त्री ही. मी बाजूला बसतो, चुकली तर ओरडायला."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं, आणि तो विषय काही काढला नाही.

गाडी मी टेकडीवर चढवली. माथ्यावर मी दुसरा गिअर टाकला आणि उताराला लागल्यावर पाय उचलला. इंजिनाने गाडी ओढून धरली. माझा डावा हात दांड्यावर होता, ह्यांचा मांडीवर. उभा जन्म लोक गिअरचं ह्यांना विचारत आले होते.

"हाताला कसा लागतोय?" ह्यांनी मला विचारलं.

"गप्प बसलाय," मी म्हटलं. "हलतसुद्धा नाही."

ह्यांनी मान डोलावली आणि उतार संपेपर्यंत समोर बघत राहिले.