घरची जादू

फळीवरचा डबा काढताना लेकीचा उजवा खांदा पुन्हा निखळला. "बघा, आमच्या घरची जादू!" असं पाहुण्यांना म्हणत जावयाने हसत हसत तिचा हात ओढून खांदा बसवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला तडक दवाखान्यात नेलं. जावईही मागोमाग आला.

डॉक्टर म्हणाले, "सांध्याची कड फाटलीय. ऑपरेशन करून शिवावी लागेल. नंतर दीड महिना हात गळ्यात बांधून ठेवायचा."

"दीड महिना? मग घरचं कोण करणार?" जावई उसळला.

"जावईबापू, तुमचे दोन्ही खांदे जागेवर आहेत ना?" मी म्हणाले. "आता तुमची जादू बघू."

लेकीने ऑपरेशनच्या संमतिपत्रावर डाव्या हाताने वेडीवाकडी सही ठोकली.