निखाऱ्यांचं भांडं

मोराग म्हातारीची चूल सहा वर्षांत एकदाही विझली नव्हती. मागं स्कॉटलंडच्या डोंगरात जमीनदाराच्या माणसांनी तिच्या चुलीवर पाणी ओतून तिला घराबाहेर काढलं, आणि त्याच हिवाळ्यात तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिनं एकच खूणगाठ बांधली: चूल विझली की घरधनी जातो. ऑस्ट्रेलियात येऊन सहा वर्षांपूर्वी नवी चूल पेटवल्यावरही रोज रात्री ती थोडे निखारे झाकणाच्या लोखंडी भांड्यात भरून त्यांवर राख ओढायची, चूल राखणाऱ्या संत ब्रिजिदचं नाव घ्यायची. बाहेर मेंढ्या उन्हानं पटापट पडताहेत आणि घरात विस्तव जपायचा, म्हणजे कहरच! सून कर्स्टी मुकाट्यानं सोसत होती.

फेब्रुवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा. त्यातल्या एका गुरुवारी उत्तरेचा गरम वारा सुटला आणि भर दुपारी आभाळ काळं झालं. इथले मूळचे लोक थंडीच्या दिवसांत गवत थोडं थोडं जाळत, म्हणजे उन्हाळ्यात वणवा भडकत नसे. मेंढ्यांच्या मालकानं त्यांना हाकललं. हाकलायला त्याच्याकडे कामाला असलेला मोरागचा लेक लखलनही गेला होता. आता कंबरभर वाळलेलं गवत एकदमच पेटलं. लखलननं आईला पाठुंगळी मारलं, बायकोला ओढत नेलं आणि दोघींना ओढ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यात बसवलं.

"अरे, निखाऱ्यांचं भांडं!" म्हातारी किंचाळली. "चुलीपाशीच राहिलं की रे!"

"आई, अख्खं रान पेटलंय," कर्स्टी म्हणाली. "विस्तवाला काय तोटा? हवा तेवढा घ्या."

"हा आपला नव्हे गं. लखलन, जा बाळा. तुझ्या जिवासाठीच सांगतेय."

कर्स्टीनं त्याची बाही धरली. "जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

"हा गेलो, हा आलो. नाहीतर जन्मभर ऐकवेल ती." त्यानं बाही सोडवली. आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेलाच नव्हता. जळत्या रानातून विस्तव आणायला निघालेला असा शहाणा दुसरा कुणी झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी तो झोपडी आणि ओढ्याच्या मधे सापडला, पालथा. पोटाशी धरलेल्या लोखंडी भांड्यावरूनच काय तो ओळखायचा.

म्हातारीनं छाती पिटून घेतली. मग झाकण उचललं, फुंकर घातली. आत लाल दिसलं.

"विझला नाही गं!" ती रडत म्हणाली. "कर्स्टी, बघ, जिवंत आहे अजून."

कर्स्टी आजवर सासूशी कधी एकेरीत बोलली नव्हती.

"चूल राहिली ना, म्हातारे?" ती म्हणाली. "मग दाखव आता माझा घरधनी."