कट्ट्याची उंची

"एवढं खाली? उद्या उभा राहून दात घासायला लागला की कंबर मोडेल त्याची," आई न्हाणीघराच्या दारात पुटपुटली. कुणाला उद्देशून नाही, पण ताईला ऐकू जाईल अशा बेताने.

ताईने दोन स्क्रू दातांत धरले होते, त्यामुळे उत्तर टळलं. लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटं करून तिने नाव कमावलं होतं. सख्ख्या भावाच्या बेसिनचा कट्टा मात्र तिसऱ्यांदा करत होती. पहिला बुटका म्हणून आईने नाकारला. दुसरा उंच केला, तर चाकाच्या खुर्चीतून हात पोचेना. हा तिसरा म्हणजे तोडगा: भिंतीला लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना वरपर्यंत भोकं. आज खुर्चीच्या उंचीला, दादा उभा राहिला की वरच्या भोकांत. वर-खाली करता यावा म्हणून पाण्याच्या नळ्याही लवचिक, मोकळ्या सोडलेल्या. त्या झाकायची फळी तिने बसवलीच नव्हती. उंची बदलली की वाया जायची ती.

गच्चीवरून पडल्यापासून दादा खुर्चीत होता. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. ते दवाखान्यातच ठेवून सगळे घरी आले होते.

खाली अंगणात धाकटा भाऊ, घरातला फटफट्या, दादाची छोटी मोटरसायकल उघडून बसला होता. सिलिंडर मोठा करून आणला, मोठा पिस्टन घातला. "दादा उठेपर्यंत गाडी नुसती उडायला हवी," हे त्याचं पालुपद. दादा त्यावर हसायचा. त्या हसण्यात हो नसायचं, नाहीही नसायचं.

"चला सुतारीणबाई, उद्घाटन करू," दादा हाफपँटीवर टॉवेल झटकत खुर्ची आत घेऊन आला. आजवर त्याची दाढी पलंगावर आई करायची. आज पहिल्यांदा तो स्वतः करणार होता. गुडघे कट्ट्याखाली अलगद गेले आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

त्याने गिझरच्या पाण्याचा नळ सोडला, गालाला फेस लावला. तेवढ्यात खाली इंजिन सुरू झालं. खिडकीची काच थरथरली. आईने कानांवर हात ठेवले. दादाचा वस्तरा मात्र गालाजवळ थांबला.

"पेट्रोल सोडणारा जेट जुनाच ठेवलाय गाढवाने! पिस्टन मोठा आणि पेट्रोल तेवढंच. ऐक, आवाज कसा कोरडा येतोय. तापतंय." तो खिडकीकडे ओरडला, "ए फटफट्या! बंद कर, जाम होईल!"

"काय?" खालून आवाज आला.

"काय काय? भाजून निघालंय ते! तुला कळत कसं नाही?"

ताई हसत हसत घरंगळलेला स्क्रू उचलायला वाकली, आणि तिचं हसू तिथेच राहिलं. गरम पाण्याची नळी खाली लोंबून दादाच्या उघड्या गुडघ्यावर टेकली होती. तिने हात लावला. चटका बसला.

"दादा, मागे हो!"

"थांब गं, एक गाल राहिलाय."

तिने खुर्चीच खेचली. गुडघ्यावर लालभडक पट्टा उठला होता.

दादाने खाली पाहिलं. एखाद्या अनोळखी माणसाचा गुडघा पाहावा तसं. मग वस्तरा आईच्या हातात दिला.

खाली इंजिन बंद झालं. फटफट्या धावत वर आला, हात काळे, चेहरा फुललेला. "वाचलं थोडक्यात! दादा, तुला इथे बसून कसं काय..." त्याची नजर गुडघ्यावर गेली.

आई गार पाण्याचा तांब्या ओतत होती. पाणी भाजल्या जागेवरून वाहत होतं आणि दादा साधा शहारतही नव्हता. सगळे त्याच्या पायाकडे बघत होते. तोही.

"मी नळी बांधून घेते," ताई घाईघाईने म्हणाली. "वाटल्यास फळी ठोकते, तात्पुरती."

"तात्पुरती नको." आईने तांब्या खाली ठेवला. "पक्की ठोक. वरची भोकं बुजवून टाक."

"अगं आई, पण..."

आईने ताईकडे पाहिलं नाही. ती दादासमोर खाली बसली, वस्तरा पुसून त्याच्या हातात परत दिला, आणि तो हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "राजा, तू आता उभा राहणार नाहीस."