मागच्या बाकापुरती ऊब

"पंप कधी वर बसवायचा नाही, पोरी. खाली बसवायचा. पाणी आपलं आपण त्याच्याकडे उतरत यायला हवं. आणि भरताना वरची नळी सैल ठेव, नाहीतर आत हवा अडकेल आणि तू उगाच मोटरला शिव्या देत बसशील."

माझे वडील हे सांगायचे तेव्हा ते बहुतेक ट्रॅक्टरखाली असायचे. मला दिसायचे ते फक्त त्यांचे बूट. ते कोल्खोजचे, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीचे, मेकॅनिक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण बुधवारी नारीन शहरातून परत येताना खिंडीच्या उतारावर त्यांचा आवाज कानात सुरू झाला आणि घर येईपर्यंत थांबला नाही.

आठवड्यातून तीनदा मी सासऱ्यांना नारीनला नेते. तिथे यंत्रावर त्यांचं रक्त धुतात. नवरा, उलारबेक, मॉस्कोत इमारतींवर कामाला आहे. त्याने पाठवलेल्या पैशांतूनच ही जुनी व्हॅन घेतली. पुढची जागा गरम असते. पण सुनेच्या खांद्याला खांदा लावून सासरे बसणार कसे, आणि मी तरी त्यांना बसा म्हणणार कशी? घरात त्यांची जागा दारापासून सगळ्यांत लांब, आतल्या भिंतीशी. गाडीतही ते तशीच जागा धरतात, अगदी मागचं बाक. वीस वर्षांत मी त्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही; अताके, म्हणजे बाबा, एवढीच हाक मारते. रुग्णालयातली नर्स पहिल्या दिवशी "पेशंटचं नाव?" असं विचारत राहिली आणि मी नुसतं कार्ड पुढे करत राहिले. त्यांच्याकडे पाठ करून गाडी चालवायचं तर मला इतकं अवघड गेलं, की पहिला महिनाभर निघण्याआधी मागे वळून माफी मागायचे.

मागे हीटर आहे. नुसता आहे. इंजिनाचा पंप पुढे आणि नळ्या लांब. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागली, की गरम कूलंट मागपर्यंत पोहोचतच नाही. पंखा फिरतो आणि थंड वारा फेकतो.

बुधवारी घरी आल्यावर त्यांनी चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत.

"शुक्रवारी मी येत नाही, मारिपा."

"असं का म्हणता, अताके?"

"सुयांचं काही नाही गं. रक्त धुऊन देतात, पण थंड करून देतात. चाळीस हिवाळे घोड्यांमागे काढले मी, बर्फात झोपलो. आणि आता गाडीत बसून दात वाजतात माझे. परवा वाटेत मला रडू आलं. तू पुढे होतीस, तुला दिसलं नाही."

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: एक वेळ चुकली तर जड जाईल, दोन चुकल्या तर पाणी फुप्फुसांत चढेल. मी विचार न करताच बोलून गेले, "शुक्रवारी गाडीत तुम्ही कोटाची बटणं सोडाल. ते माझ्याकडे लागलं."

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "तू केलंस तर मी येईन. पण पाय पुन्हा गार पडले, तर मग मला आग्रह करायचा नाही."

मी "बरं" म्हटलं. म्हटलं खरं, आणि त्या क्षणापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पीठ मळताना मीठ दोनदा घातलं. उलारबेकचा फोन आला, तेव्हा सांगितलं की मागच्या हीटरला वेगळा पंप लागेल.

"बाजारातून पंप घे ना!"

"बिश्केकहून मागवावा लागेल. सोमवारी येईल."

"मग बाबांना पुढे बसव. त्यात काय एवढं?"

"तू सांग त्यांना."

मग म्हणाला, "तिकडे बर्फ पडलाय का?"

गुरुवारी पहाटेची नमाज झाली आणि उजाडता उजाडता मी कासिम बाइकेंच्या दारात उभी राहिले. थोरल्या भावासारखे म्हणून त्यांना बाइके म्हणायचं; गावात लेथ त्यांच्याकडेच आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवरा मॉस्कोत मजले चढवतोय आणि बायको पंप बनवतेय. उद्या विमान मागशील."

"विमानाचं उद्या बघू, बाइके. आज ट्रॅक्टरचा एखादा जुना पिस्टन आहे का?"

"पिस्टन कशाला?"

"आतून पोकळ असतो, जाडही असतो. तोंडावर झाकण बसवलं की पंपाचं पोट तयार."

ते हसले, पण पिस्टन शोधून दिला. लेथवर त्याचं तोंड सरळ केलं, दोन बाजूंना नळ्यांची तोंडं बसवली, झाकणाला मधोमध भोक पाडलं. पितळी पत्र्याची पाच पाती मी कापली, त्यांनी ती डाख देऊन एका चकतीला जोडली. मोडक्या मोटारीच्या हीटरपंख्याची एक मोटर भंगारात मिळाली. तिचा दांडा झाकणातून आत जाणार. मग दांड्याभोवतीच्या फटीतून पाणी बाहेर येऊ नये, म्हणून काळ्या ग्रीसात भिजवलेली सुती दोरी गुंडाळून वरून नट आवळायचा. दोरी मी वळली. घोड्यांच्या दोऱ्या वळून माझ्या हातांना ते माहीत आहे.

दुपारपर्यंत पंप मागच्या बाकाखाली, सगळ्यांत खालच्या जागी बसला. वरची नळी सैल ठेवून कूलंट भरलं, बुडबुडे संपेपर्यंत थांबले. बिस्मिल्लाह म्हणून खटका दाबला. पाच मिनिटांत मागच्या हीटरवर हात ठेववेना.

मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात नटाखाली थेंब दिसला. पडला. एका श्वासानंतर दुसरा.

मी नट अर्धा फेरा आवळला. थेंब लांबला, पण पडला. पुन्हा अर्धा फेरा. आता कोरडं. मी फडक्याने जागा पुसली आणि इंजिन, पंप दोन्ही चालू ठेवून दुपारच्या नमाजेला घरात गेले. तिसऱ्या रकातीला, नमाजेच्या तिसऱ्या आवर्तनाला, उभी असताना अंगणातला आवाज बदलला. आधी कण्हल्यासारखा, मग जड, मग कुणीतरी दात आवळून ओढतंय तसा. नमाज मी मोडली नाही. मन नमाजेत होतं असं मात्र सांगणार नाही. नमाज संपवणारा सलाम फिरवला आणि अनवाणीच बर्फात धावले. बाकाखालून धूर येत होता.

कासिम बाइके आले, जळकी मोटर हुंगली, दांड्यावरची काळी, भाजलेली दोरी नखाने खरवडली.

"थेंब पडत होता?"

"हो. मी आवळला."

"आणि बंद झाला म्हणून खूश झालीस."

"गळत होतं, बाइके!"

"अगं, गळायलाच पाहिजे! तेवढ्या थेंबावर तर दांडा फिरतो. दोरी कोरडी पडली की गळा आवळल्यासारखं होतं. एवढ्या मोठ्या मेकॅनिकची मुलगी तू, आणि थेंबाला घाबरलीस?"

मला त्यांच्यावर राग आला, मग स्वतःवर. वडिलांनी हेही सांगितलं असणार. मी तेव्हा त्यांच्या बुटांकडे बघत असणार.

दांडा बाइकेंनी घासून पुन्हा चकचकीत केला. दोरी मी नवी वळली. पण मोटर दुसरी नव्हती. सूर्य कलला होता. मी अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली, गाडीभोवती फिरले, मग पुढचं दार उघडून माझ्या पायाशी असलेल्या हीटरचं झाकण खोलायला लागले.

"हे काय करतेस?"

"याच्या पंख्याची मोटर तशीच आहे."

"वेडी झालीस? पुढची काच गोठेल. तू गोठशील."

"काच मिठाच्या पाण्याने पुसत जाईन. आणि मी दोन कोट घालीन."

बाइके काहीतरी पुटपुटले, पण स्क्रू काढायला तेही वाकले. संध्याकाळच्या नमाजेआधी पंप पुन्हा फिरत होता. या वेळी नट हाताने लावला आणि पान्याने फक्त एक पाव फेरा दिला. दर दहा श्वासांनी एक थेंब. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं; खाली डबा ठेवला, म्हणजे कुत्री चाटायला येणार नाहीत. मी दिवा घेऊन तासभर त्या डब्याकडे बघत बसले. थेंब पडला की जीव खालीवर व्हायचा, आणि पडायला उशीर झाला की त्याहून जास्त. दोनदा माझा हात पान्याकडे गेला. दोनदा मागे घेतला.

रात्रीच्या जेवणाला सासऱ्यांपुढे मी खोटं बोलू शकले नाही.

"अताके, गरम होतंय. पण पंप घरचा आहे. थेंब थेंब गळतो, आणि गळायलाच हवा. वाटेत थेंब थांबला तर मोटर जळेल, मग तुमचे पाय गार पडतील. मला पुढून काही दिसणार नाही. म्हणून सांगते, मी दिलेला शब्द कच्चा आहे."

ते मांस कापत होते. सुरी थांबली.

"थांबला तर काय करायचं असतं?"

"नट जरासा सैल करायचा. एक केसभर."

"आणि फार गळला तर?"

"केसभर आवळायचा."

"घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्यासारखं," ते म्हणाले आणि पुढे कापू लागले. मानेजवळचा मऊ तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत ठेवला. तो एरवी सुनेच्या वाट्याला येत नाही.

झोप अशी लागलीच नाही. कूस बदलली की अंगणातली गाडी डोळ्यांपुढे यायची. नळी सुटलीय, डबा भरलाय, काच पांढरी झालीय. पहाटे नमाज झाल्यावर मी बाहेर जाऊन इंजिन सुरू केलं, खटका दाबला आणि चहा ठेवायला आत आले. त्यांना अजून उठवायचं नव्हतं. एवढा वेळ तरी त्यांना ऊब मिळावी. उठवल्यावर ते काय म्हणतील, हेही ऐकायचं नव्हतं.

खिडकीवरचा बर्फ नखाने खरवडून बाहेर पाहिलं. सासरे अंगणात होते. मेंढीच्या कातड्याचा कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, काखेत त्यांची औषधांची पिशवी. मला हाक मारली नव्हती, दारही वाजू दिलं नव्हतं. ते थांबत थांबत गाडीपर्यंत गेले, मागच्या दाराच्या कोयंड्याला दोरीने अडकवलेला नटाचा पाना उतरवला आणि बाहीने पुसला. मग मागचं दार उघडून, एक हात चौकटीला धरून, हळूच आत चढले.