बारा हातांची माळ

रत्नाबाईंनी हळदीकुंकू लावून घेतलं, पानसुपारी पिशवीत टाकली आणि नवरात्राच्या बाहुल्या मांडलेल्या पायऱ्यांसमोर बसत भाग्यलक्ष्मीला विचारलं,

“पायऱ्या सात. खाली येताना दर पायरीवर दोन-दोन बाहुल्या वाढतायत. एकूण सत्तर. सगळ्यात वर किती?”

“चार, अक्का.” भाग्यलक्ष्मीनं लाकडी राणी राजाशेजारी नीट उभी केली.

बसायला आलेल्या बायकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. नवरात्रात चामराजपेठेत घरोघरी बाहुल्यांचीच बोलणी चालत.

मुलींच्या शाळेत अकरावीला वरचं गणित नव्हतं. तिथं शिकवणाऱ्या रत्नाबाई वर्षभर मागे लागल्या, तेव्हा हेडमास्तर हयवदनराव कसेबसे कबूल झाले होते. सुटीनंतर ते स्वतः पेपर काढणार. ते शिकू पाहणाऱ्या तिन्ही मुली पास झाल्या तर वर्ग सुरू. त्यांतल्या दोघी रोज बाईंच्या घरी शिकायला येत. भाग्यलक्ष्मीची पुस्तकं मात्र सरस्वतीपुढं पूजेला लागली होती, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. म्हणून बाई पुस्तकाशिवायच येत होत्या.

त्यांनी रांगोळीची चिमूट घेऊन जमिनीवर दोन खांब आणि वर आडवी पट्टी काढली.

“बारा हात फुलांची माळ आहे. मखराच्या दोन्ही खांबांना आणि वरच्या पट्टीला लावायची. खांब उंच केले तर पट्टी आखडते. मखर जास्तीत जास्त मोठं कधी होईल?”

भाग्यलक्ष्मीचे वडील हणमंतराव दारात येऊन उभे राहिले.

“सणात अभ्यास नको म्हणून सांगितलं होतं मी.”

“अभ्यास कुठला, अण्णा? मखर बांधतोय,” रत्नाबाई म्हणाल्या.

“मला कळतं, बाई.”

“असू द्या हो,” आतून त्यांची बायको सकवारबाई म्हणाल्या. “पुस्तक उघडलंय का कुणी?”

हणमंतरावांनी एकदा रांगोळीकडे पाहिलं. मग चपला घालून बाहेर गेले.

भाग्यलक्ष्मीचं बोट रांगोळीवर फिरत होतं. खांबाला क्ष, म्हणजे पट्टीला बारा वजा दोन क्ष. गुणाकार केला, अवकलन केलं, ते शून्याबरोबर मांडलं. “खांब तीन हात, पट्टी सहा,” ती म्हणाली, आणि थांबली. “पण अक्का, शून्य आलं म्हणजे जास्तीत जास्तच कशावरून? कमीत कमी का नाही?”

रत्नाबाईंचे कान तापले. त्या स्वतः इंटरपर्यंतच शिकलेल्या. पुढचं सगळं एकट्यानं, पुस्तक समोर ठेवून. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

“उद्या सांगते,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाहुल्यांसमोर टेकायच्या आधीच त्यांनी सांगितलं, “तीनच्या स्वल्प अलीकडं जाऊन बघ. मग स्वल्प पलीकडं.”

भाग्यलक्ष्मीनं मनातल्या मनात गुणाकार केले. “दोन्हीकडं अठराहून कमीच येतंय.”

“मग डोंगराचा माथा कुठं?”

मुलगी हसली. रत्नाबाई हसल्या नाहीत. हे आपल्याला आधी कुणी शिकवायला हवं होतं, असा विचार त्यांच्या मनात येत होता.

सुटी संपली. हयवदनरावांनी कठीण पेपर काढला आणि तपासलाही स्वतःच. तिघी पास झाल्या. भाग्यलक्ष्मी सगळ्यांत वर. निकाल सांगायला त्यांनी रत्नाबाईंना खोलीत बोलावलं.

“वर्ग सोमवारपासून. मी शब्द मोडत नाही.” ते चष्मा पुसू लागले. “पण वरच्या वर्गाला पदवीधर शिक्षक लागतो, रत्नाबाई. मुलांच्या शाळेतले नरसिंह मास्तर येतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

बाहेर व्हरांड्यात तिघी मुली उभ्या होत्या. दारातून त्यांच्या परकरांचे काठ तेवढे दिसत होते.

रत्नाबाईंनी पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला.

“सरी, चालेल,” त्या म्हणाल्या. “किती वाजता?”

“शेवटचा तास.”

“मला तो मोकळाच असतो.” त्या उठल्या. “वर्गात दोन बाक ठेवायला सांगा.”

“तिघींना एक पुरेल की.”

“हो,” रत्नाबाई म्हणाल्या. “दुसरा माझ्यासाठी.”