नाव खरवडलेली ट्यूब

डॉक्टरीणबाईंनी माझी ट्यूब दाबून पाहिली. "इतक्यात संपली? आठवड्यातून दोनदाच लावायचं सांगितलं होतं ना?"

"दोनदाच लावते," मी म्हणाले. त्यांना पटलं नाही. हार्मोनचं मलम आहे, असं वाट्टेल तसं थापायचं नाही, म्हणत त्यांनी प्रमाण निम्म्यावर आणलं. माझं डोकंच फिरलं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दिवसभर शिलाई मशीनवर बसते, आणि कोरडेपणामुळे खाली अशी आग होते की शिवण वाकडी जाते. नवरा जवळ आला की मी चिडते. तो बिचारा पाठ फिरवून झोपतो. दुखतं, एवढंसुद्धा त्याला मी कधी सांगितलं नाही.

नवी ट्यूब घेऊन घरी आले. सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून नेहमीसारखं कात्रीच्या टोकाने ट्यूबवरचं नाव खरवडलं आणि ती कपाटात ठेवली.

हातपाय धुऊन येते तर नवरा पलंगावर बसून तीच ट्यूब टाचांवर पिळत होता.

"बरं झालं आणलंस. महिनाभर लावतोय. बघ, एक भेग उरली नाही!"

त्याच्या टाचा खरंच लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. मला रडावं की ओरडावं कळेना.

"अहो, ते माझं औषध आहे."

"कशाचं?" त्याने ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "यावर काहीच लिहिलेलं नाही."

लिहिलेलं मीच खरवडलं होतं. आता ते मलाच तोंडाने वाचून दाखवायचं होतं.