कपाळाला हात

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसल्यावर सरांचा पहिला हुकूम ठरलेला असे, "काचा वर घ्या." गाडीचा एसी कधीचाच बंद पडला होता. शिकणारे घामाने निथळायचे, पण सर बधत नसत. धुळीचा त्रास होतो म्हणायचे.

खरं कारण डोक्यावर होतं. लग्न जमेना तेव्हा आईने आणि बहिणीने मिळून त्यांना केसांचा टोप घ्यायला लावला. लग्न जमलं, मुलगी झाली, टोप मात्र उतरला नाही. आत खाज सुटायची, घामाने कडा सैल व्हायच्या. कुठून वारा शिरला तर, या धास्तीने हात सारखा कपाळाकडे जायचा. आरशातसुद्धा ते मागच्या गाड्या कमी आणि स्वतःचा भांग जास्त बघायचे.

अशात एक काकू शिकायला आल्या. नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. "नवऱ्याने स्टेअरिंगला हात लावू दिला नाही कधी. आता तो नाही, गाडी दारात आहे," असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या.

पण काकूंचा हात काही बसेना. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद. एका दुपारी तर ऐन चौकात बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. काकूंनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढून सरांच्या हातात ठेवली.

"उद्यापासून मी येणार नाही."

"का? अहो, सगळ्यांचीच बंद पडते."

"मी बघते ना रोज. माझं काही चुकलं की तुम्ही कपाळाला हात लावता. तोंडाने बोलत नाही, एवढाच तुमचा चांगुलपणा. घरीही मी हेच बघत आले."

सर गार पडले. काकू डोळे पुसत दार उघडायला लागल्या.

"थांबा." त्यांनी कानामागची चिकटपट्टी ओढली आणि टोप काढून मांडीवर ठेवला. "हात याच्यासाठी जातो. तुमच्यासाठी नाही. आईशप्पथ."

काकू बघतच राहिल्या. टकलावर लालभडक चट्टे उठले होते.

"अहो, काय करून घेतलंत हे! बायको काही म्हणत नाही?"

"काढा म्हणते. पण मुलीच्या शाळेत बाकीच्यांचे बाबा बघितले की..."

"बाकीचे बाबा गेले खड्ड्यात. काच खाली घ्या आधी. त्या कातडीला हवा लागू द्या."

वारा आत आला. शेजारच्या बसमधली माणसं आपल्याकडेच बघतायत असं सरांना वाटत राहिलं. दोनदा बोटं टोपाकडे वळली. काकूंनी गाडी सुरू केली, आणि ती पुन्हा बंद पडली.

"परत," सर म्हणाले.

धडा संपल्यावर सर तसेच, टोप न घालता, स्कूलच्या ऑफिसात गेले. मालक खुर्चीतून अर्धा उठला. "हे काय? बोर्डावर तुमचा फोटो आहे. गिऱ्हाईक ओळखणार कसं?"

"फोटो बदला." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

बाहेर पुढचा विद्यार्थी गाडीत बसून होता. त्याने सरांच्या डोक्याकडे बघितलं, मग घाईने रस्त्याकडे. सरांनी शेजारी बसून आपल्या बाजूची काच खाली घेतली.

"सीट पुढे घ्या," ते म्हणाले, "आणि क्लच पूर्ण दाबा."